उंदराचा वास

"आय स्मेल अ रॅट," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले.

जेवणाची सुट्टी होती. मी नुकताच डबा उघडला होता. वालाची भाजी आणि भाकरी. मी कातकरवाडीतली, हे रोह्याच्या ज्या केमिकल कंपनीत मी लॅबमध्ये कामाला होते, तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. लॅबमधले सगळे हसले. मी डबा झाकला. रॅट म्हणजे काय ते मला कळत होतं. शाळेत मला 'उंदीरखाऊ' म्हणूनच हाक मारायचे.

त्या दिवसापासून वास मागे लागला. नसलेला वास. साबणाने हात घासायचे, पुन्हा हुंगायचे. घरी बाबा जवळ बसले तरी मी सरकून बसायचे. त्याची मला आजही शरम वाटते.

भात कापून झालं की बाबा बांधावरची उंदरांची बिळं उकरायचे. लहानपणी मी बरोबर असायचे. आधी ते बिळाला नाक लावायचे. "नाय गो, हितं नाय. पलीकडं हाय." कधी चुकले नाहीत.

एकदा मोबाईलवर ते वाक्य शोधलं. अर्थ निघाला, काहीतरी लपवाछपवी चाललीय असा संशय येणे. उंदराचा, जेवणाचा, आमचा काही संबंधच नव्हता. साहेब इतके शिकलेले. त्यांना अर्थ माहीत होता. तरी त्यांनी ते माझ्या भाकरीवर आणून ठेवलं.

परवा साहेबांनी मला सांडपाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या पिण्याच्या नळाखाली भरायला सांगितल्या. सरकारी तपासणी व्हायची होती. वर वहीत माझी सही हवी, पाणी कंपनीच्या नाल्यातून घेतलं म्हणून. तोच नाला आमच्या वाडीखालून जातो. त्याच्या काठाला उकरलेल्या खड्ड्यातलं, डवऱ्यातलं पाणी आमच्या बाया प्यायला भरतात.

मी बाटली नाकाला लावली. कसलाच वास नाही.

"साहेब, आय स्मेल अ रॅट."

या वेळी कुणी हसलं नाही.

"अर्थ तरी कळतो का तुला?"

"कळतो. म्हणून सही करणार नाय."

मला कामावरून काढलं. गेटबाहेर आल्यावर घरी न जाता मी नाल्यावर गेले आणि माझी पाण्याची बाटली भरली. झाकण लावलं तरी हाताला वास येत होता. हा खरा होता. मी हात धुतले नाहीत.

उद्या तपासणीचे अधिकारी येतील. त्यांच्या गाडीसमोर मी बाटली घेऊन उभी राहणार. बीळ मला सापडलंय. आता उकरल्याशिवाय मी उठणार नाही.