तळव्यावरची टिचकी

नवजात बाळांच्या वॉर्डातल्या आमच्या मोठ्या सिस्टरना सगळे टिचकीबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. एकतीस वर्षं नोकरी, नखं कायम मुळापासून कापलेली. पाळीवर आल्या की चहाच्याही आधी प्रत्येक काचेच्या पेटीपाशी जायच्या आणि बाळाच्या तळव्यावर टिचकी मारायच्या. बाळ रडलं की पुढे. बाळांच्या आया त्यांच्या नावानं बोटं मोडत. खरं सांगायचं तर मी, नवीन लागलेली नर्स, मीही मोडायची. ती सगळी रडारड मलाच निस्तरावी लागे.

त्या वेळी सहा दिवसांची एक मुलगी आमच्याकडे होती. जंतू रक्तात पसरलेले. अँटिबायोटिक चालूच होतं. आईला विचारून डॉक्टरांनी जोडीला मेलाटोनिन सुरू केलं.

"लोक झोपेसाठी घेतात तेच हे," ते म्हणाले. "पण जंतूंमुळे शरीरात जी आग उठते, ती शमवायला थोडी मदत होईल असं वाटतंय. अजून पक्कं नाही. खरी भिस्त अँटिबायोटिकवरच."

मी त्यातलं झोपेचं तेवढं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी निपचित पडलेली. आई घाबरली. मी दीडशहाणी तिला म्हणते, "अहो, झोपेचं औषध दिलंय. झोपू दे की!" वर तक्त्यावर लिहिलं: शांत झोप.

टिचकीबाई आल्या. एक टिचकी मारली. मग दुसरी.

"का छळता हो लेकराला?" आई कळवळली.

"ताई, ही झोप नाही." मग मला म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलाव. पळ!"

श्वास मंदावत चालला होता. श्वासासाठी नळी घातली, अँटिबायोटिक बदललं. मेलाटोनिनवर खापर फोडायला मी टपलेच होते, पण डॉक्टर म्हणाले, जंतूच वरचढ झाले होते.

त्यानंतर नवव्या दिवशी टिचकी बसली आणि मुलीनं टाहो फोडला. आई रडता रडता हसत होती.

"तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत," मी टिचकीबाईंना म्हटलं.

त्यांनी जुना तक्ता काढून माझे ते दोन शब्द पाहिले.

"तुझ्या वयाची असताना मीही हेच लिहिलं होतं. ते बाळ तोवर गेलं होतं गं. आणि त्याची आई माझे आभार मानत होती, निजवलं म्हणून. अगदी हळू आवाजात. त्याला जाग येईल ना."