पाडव्यानंतरचा पळस

आमच्या मंडळात कुठलीही गोष्ट बहुमताने ठरत नाही. बहुमत ही म्हणे हलक्या लोकांची रीत. आमच्याकडे सगळं सर्वानुमते होतं, म्हणजे एक जण जरी "मला पटत नाही" म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो, आणि अध्यक्ष जाड वहीत तसं लिहून ठेवतात. अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर आहेत. नोकरीत असताना त्यांनी एखादा पूल बांधला असेल तर तो माझ्या पाहण्यात नाही, पण इतिवृत्त मात्र भक्कम बांधतात. ही पद्धत दरबारापासून चालत आली आहे, असं ते दर बैठकीत एकदा तरी सांगतात. दरबाराचं नाव निघालं की ग्वाल्हेरच्या मराठी माणसाची पाठ ताठ होते. सगळ्यांचेच पूर्वज तिथे कोणी ना कोणी होते. एवढे मानकरी एका दरबारात मावले कसे, असं मी एकदा विचारलं होतं. तोही विषय पुढच्या बैठकीवर गेला.

अशा मंडळाच्या सहलीला जायची मला हौस नव्हती. मी गेले ती ताईसाठी.

ताई माझी सख्खी मोठी बहीण. भावजी गेल्यावर ती मुरारचं घर बंद करून दर्पण कॉलनीत माझ्याकडे राहायला आली. त्या हिवाळ्यात तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार बळावला. समोरच्या माणसाचा चेहरा दिसेना, कडेकडेचं तेवढं दिसे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की वर्षभरात रंगही ओळखू येणार नाहीत. ताईला ते मी सांगायच्या आधीच कळलेलं होतं. तिने देवदेव केला नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "मला एकदा पळस बघायचाय. नीट."

शिवपुरीच्या रस्त्यावरच्या एका शाळेत ती कितीतरी वर्षं शिकवायला जात असे. रोज बसने जायचं, बसने यायचं. फाल्गुनात दोन्ही बाजूंना पळस फुललेला असायचा आणि ताई मांडीवर वह्या घेऊन तपासत बसलेली असायची. परीक्षा नेमक्या तेव्हाच येतात. "मान वर करून बघितलंच नाही कधी," ती म्हणायची. लहान गाडीत तिला मळमळतं, अगदी पहिल्या चौकापासून. बसच्या पुढच्या सीटवर मात्र ती दिल्लीपर्यंत जाईल. म्हणून मंडळाच्या वसंत-सहलीला या वर्षी पळसाचं जंगल बघायला जावं, असं मीच सुचवलं. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच काहीतरी सुचवलं होतं, त्यामुळे अध्यक्षांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

होळीला दहा दिवस होते तेव्हाची ती बैठक. पहिला अर्धा तास नाश्त्यावर गेला. पोहे न्यावेत की साबुदाण्याची खिचडी, यावर दोन तट पडले आणि दोन्ही न्यायचं ठरलं. मग एकीने विचारलं, पळसाला वास असतो का. नसतो म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. एक गृहस्थ म्हणाले, कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच, मग इतक्या लांब कशाला, किल्ल्याच्या पायथ्याशी दोन झाडं आहेत तीच बघू. आणखी एकांनी वाटेत देऊळ हवंच असा आग्रह धरला, कारण नुसतं झाड बघून परत यायचं म्हणजे काहीतरीच. झाड बघायला निघालेल्या लोकांना झाडाची एवढी लाज वाटताना मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मंडळाची चिटणीस ही कोणाची तरी सून, तिशीतली, सिटी सेंटरला कुठल्याशा ऑफिसात जाणारी. ती उठली.

"मी बसवाल्याशी बोलली आहे," ती म्हणाली. "तो तिकडचाच आहे, घाटीगावचा. तो बोलला, चैत लगते ही आ जाओ, आठ-दस दिन की बहार है, फिर कुछ नहीं मिलेगा. म्हणून होळीनंतरचा संडे ठेवू या का?"

इथल्या हिंदी माणसांचा महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा चैत होळीच्या दुसऱ्या दिवशी लागतो. आमचा महिना अमावास्येला संपतो, म्हणून आमचा चैत्र पंधरा दिवस उशिरा, पाडव्याला. ग्वाल्हेरात वाढलेल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मलाही होतं. पण "मी बोलली" हे माझ्या कानात खड्यासारखं रुतलं होतं. मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं आहे, आणि या बाईच्या तोंडून प्रत्येक बैठकीत मी ते ऐकत आले आहे.

"आपला चैत्र पाडव्याला लागतो," मी म्हणाले. "गुढी उभारायच्या आधी मंडळ वसंताच्या सहलीला गेल्याचं मला तरी आठवत नाही."

"पण काकू," ती म्हणाली, "झाडाला थोडंच माहीत आहे नं, आपला पाडवा कधी आहे ते."

सगळे हसले. अध्यक्षसुद्धा हसले, ज्यांना विनोद दुसऱ्या दिवशी कळतो. ती काही मला टोमणा मारायला बोलली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिचं म्हणणं बरोबर होतं, हेही मला दिसत होतं. पण चाळीस माणसं माझ्यावर हसली होती, आणि त्यांतल्या एकाचीही माझ्यावर हसायची लायकी नव्हती.

ताई शेजारीच बसली होती. तिने माझा पदर हलकेच ओढला. मी तो सोडवून घेतला.

"मला पटत नाही," मी म्हणाले.

अध्यक्षांनी टोपणाचं पेन उघडून लिहून घेतलं. पुढची बैठक होळीनंतर होती. तीत सहल पाडव्यानंतरच्या रविवारी ठरली, सर्वानुमते.

घरी येताना ताई म्हणाली, "आपण दोघीच जाऊ या का? साध्या बसने?"

"त्या बसमध्ये माणसं एकमेकांच्या मांडीवर बसतात," मी म्हणाले. "पंधरा दिवसांनी काय बिघडतंय?"

त्या पंधरा दिवसांत ती रोज सकाळी गच्चीवर जाऊन ऊन किती तापलंय ते हाताने कठड्यावर बघून यायची. मला ते दिसत होतं. मी चहा करायचे.

पाडवा झाला. रविवारी बस सातला निघायची ती साडेआठला निघाली, कारण नारळ विसरला होता. नारळ फुटल्यावर अध्यक्षांनी वसंत ऋतूवर भाषण केलं, बस उभी ठेवून. मग अंताक्षरी. मराठी भाषा टिकली पाहिजे म्हणून वर्षाला चार ठराव करणारे हे लोक, घाटीगाव येईपर्यंत एकही मराठी गाणं म्हणू शकले नाहीत. मग देऊळ. देवळात पाऊण तास. मग पोहे, मग खिचडी, मग पोह्यांत लिंबू कमी होतं यावर चर्चा. ताई पुढच्या सीटवर, हातात पाण्याची बाटली धरून, काचेकडे तोंड करून बसलेली. तिने एक घास खाल्ला नाही.

जंगलात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. झाडं होती. त्यांच्यावर कोवळी हिरवी पानं होती, तीन-तीनच्या झुबक्यात, आणि शेंगा लोंबत होत्या. खाली मातीत फुलं पडली होती, तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखी. बसचा ड्रायव्हर खाली उतरून बिडी पेटवत मला म्हणाला, "माताजी, हमने तो पहले ही बोला था."

मंडळी मात्र मजेत होती. फोटो काढले. एक बाई पळसाच्या पानांशेजारी उभी राहिली आणि फोटो भाचीला पाठवताना त्याखाली तिने "टेसू के फूल", म्हणजे पळसाची फुलं, असं लिहिलं. अध्यक्षांनी चहूकडे पाहून "काय शोभा आहे" असे उद्गार काढल्यासारखं केलं, आणि नंतर इतिवृत्तात मंडळी तृप्त झाल्याची नोंद झाली. फुलं नाहीत हे त्या बसमधल्या अर्ध्या लोकांच्या लक्षातच आलं नाही, हे मी शपथेवर सांगते.

ताई झाडाखाली उभी राहिली. मान तिरकी करून तिने वर पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला तिरकी करून पाहिलं. तिला तसंच बघावं लागे.

"फुलं कुठे आहेत?"

"संपली."

"सगळी?"

"सगळी."

"बरं," ती म्हणाली. रागाने नाही. तिला राग आला असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. चिटणीस कुठेतरी नाल्यापर्यंत जाऊन एक फांदी घेऊन आली, तिच्यावर सुकत आलेली दोन फुलं होती. तिने ती ताईच्या हातात दिली आणि घाम पुसत बाजूला झाली. "मी सांगितलं होतं" असं ती म्हणाली नाही. तिने ते म्हणावं म्हणून मी दिवसभर वाट पाहिली. ताईने फुलं नाकापर्यंत आणून, डोळ्यांच्या कडेला धरून पाहिली आणि मग पर्समध्ये ठेवली. माझं चुकलं, हे मी तिला त्या दिवशी म्हणायला हवं होतं. परतीच्या वाटेवर मी तिला त्या भाचीवाल्या बाईबद्दल सांगत बसले.

पुढच्या वर्षी मी स्वतः उठून सांगितलं, सहल होळीनंतरच्या रविवारी. कोणाला काही वाटलं नाही. मागच्या वर्षी पाडव्याची परंपरा मोडू नये म्हणून माना डोलावणाऱ्यांनीच या वर्षी माना डोलावल्या. तोवर ताईला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. तू येऊ नकोस, दगदग होईल, असं मी तिला म्हणून पाहिलं. ती इस्त्रीची साडी नेसून सहालाच तयार होऊन बसली.

त्या दिवशी बस वेळेवर निघाली. मोहना गाव मागे पडलं, घाट लागला, आणि बसमधली गाणी आपोआप थांबली. पाठीमागून नुसते "अरे", "बघा बघा" असे आवाज येऊ लागले.

"आला का?" ताईने विचारलं.

"आला."

"मग सांग."

मी खिडकीतून पाहिलं. दोन्ही बाजूंना पळस होता, लांबपर्यंत, चढणीवर आणि खालच्या दरीत. मी आयुष्यभर बोलत आले आहे. अध्यक्षांच्या टोपीवर मी ताईला अर्धा तास हसवलं आहे, चिटणीसबाईच्या नवऱ्याच्या चालीवर अख्खी संध्याकाळ. मी तोंड उघडलं.

"लाल आहे," मी म्हणाले.

"आणखी?"

"खूप आहे."

मी पुन्हा बाहेर पाहिलं, शब्द शोधले. प्रत्येक शब्द मला भाषणातला वाटला, अध्यक्षांच्या तोंडचा वाटला, आणि मी तो गिळला. घाट सरत होता. ताईने थोडा वेळ माझ्याकडे तोंड ठेवलं. मग मान वळवून ती मागच्या सीटकडे म्हणाली, "तू सांग गं, बाळा."

चिटणीस उठून आमच्या सीटची दांडी धरून उभी राहिली. "आत्ता नं, ताईकाकू, लेफ्ट साइडला पूरा डोंगर आहे. एक पण पान नाही. फांद्या एकदम काळी आहेत, आणि त्याच्यावर फूल असा बसला आहे, जसं कोणी हाताने लावून ठेवलं. खाली गाय उभी आहे नं, तिच्या पाठीवर पण पडून राहिले आहेत..."

वाक्यागणिक चूक होती. ताईने डोळे मिटून घेतले होते आणि तिचा हात त्या मुलीच्या मनगटावर होता.

"घाट संपेपर्यंत थांबू नकोस," ती तिला म्हणाली.