बदामावरचा डाव

"हारलं का दुप्पट लावायचं, गणितवाले. बदाम कधी ना कधी निघतेच!"

आमचे ड्रॉइंग मास्तर हे म्हणत आणि रिकामी मूठ कानाशी नेऊन खुळखुळवत. साठ सालाच्या आसपास वणीच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, मी गणित. राहायलाही शेजारी, मधे एक भिंत. पुढे त्यांची बदली ढाणकीला झाली आणि तिथेच ते वारले. असा एखादा शेजारी तुम्हीही पाहिला असेल, ज्याचं हसणं भिंतीतून ऐकू येतं आणि आपला घास घशाशी अडतो.

जत्रा भरली की मास्तर झेंडी-मुंडीच्या फडावर हजर. डब्यात तीन फासे, फाशांवर झेंडा, मुंडी आणि पत्त्यांचे चार रंग. आपलं चित्र निघालं तर लावल्याच्या दुप्पट हातात. मास्तर फक्त बदामावर लावत. हरले की दुप्पट, पुन्हा हरले की त्याच्या दुप्पट. एकदा जिंकलं की मागचं सगळं भरून निघे आणि वर चिल्लर सुटे. त्या चिल्लरीची गोडीशेव आणून ते आळीभर वाटत. माझ्या घरीही देत.

"शेजारचे भाऊजी बघा, जत्रेतून कधी रिकाम्या हाताने येत नाहीत," माझी बायको म्हणे. शेव गोड होती, पण मला खाववत नसे.

एकदा मी त्यांना भर वर्गात फळ्यावर मांडून दाखवलं. बदाम लांबला की डाव कसा फुगतो आणि एका फटक्यात वर्षाची कमाई कशी बुडते.

"बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "पण कोनत्या वर्षी लांबन, थे लिवा ना फळ्यावर!"

मुलं हसली. मी जळत होतो, आणि बदाम लांबण्याची वाट बघत होतो.

लांबला. त्या वर्षी आम्ही दोघं सपत्नीक जत्रेला गेलो होतो. बायका शेजारच्या बांगड्यांच्या दुकानाशी उभ्या होत्या. झेंडा आला, किलवर आला, इस्पिक आला, बदाम काही येईना. मास्तरांचा खिसा रिकामा झाला, घड्याळ गेलं. कपाळावर घाम. मला आतून गुदगुल्या होत होत्या.

तेवढ्यात त्यांची बायको पुढे आली. हातातल्या सोन्याच्या पाटल्या पिळून काढल्या आणि त्यांच्यापुढे धरल्या.

"नाही," मास्तर म्हणाले.

"आता थांबले तं गेलेलं सारंच जाईन. घ्या. मी सांगून राह्यली ना!"

फासेवाल्याने पाटल्या तळहातावर तोलल्या, मान डोलावली आणि डबा उपडा केला. दोन मुंड्या आणि एक चौकट.

मास्तरांकडे टांग्यापुरतेही पैसे उरले नव्हते. मी त्यांना आमच्या टांग्यात बसायला सांगितलं.

"जा तुम्ही. आमी येतो गोष्टी करत," ते म्हणाले.

टांगा निघाला. मागे धुळीत ती दोघं चालत होती. मास्तर काहीतरी म्हणाले आणि ती हसली, तोंडाला पदर लावून, रस्त्यातच थांबून हसली. हात ओकेबोके होते तरी हसली. माझं गणित खरं ठरलं होतं. आज तरी पोटात दुखायचं थांबेल असं वाटलं होतं, ते उलट वाढलं.

माझी बायको वळणापर्यंत मागे बघत होती. मग नीट बसली आणि पदर ओढून तिने आपल्या पाटल्या झाकल्या. त्या मी तिच्याकडे कधी मागितल्या नव्हत्या. मागितल्या असत्या तर तिने दिल्या नसत्या, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.