प्लीजपेक्षा मोठा शब्द

हे माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. नवऱ्याला सांगणार होते. एकदोनदा विषय काढलाही, आणि भलतंच काही बोलून उठले. आता तो नाही. तुम्ही आहात — तर ऐका.

मी बेळगावच्या वकिलाची मुलगी. ट्रेनिंग करून बेळगुंदीच्या मुलींच्या शाळेत बाई म्हणून लागले. राज्य अजून इंग्रजांचं होतं. शाळेत इंग्रजी शिकवायचं नव्हतंच. पण मला ते येत होतं, आणि येतं हे गावाला दिसायला हवं होतं. म्हणून मी मुलींना इंग्रजीत मागायचं कसं ते शिकवायची. आत येऊ का, पाणी पिऊ का, पाटी द्याल का. 'मे आय' आणि 'प्लीज'. 'प्लीज' विसरली की पाणी नाही. खरंच देत नसे मी. तहानलेली पोर माठाजवळ ओठ चावत उभी राहायची आणि मी बघत बसायची. का? मी त्याला शिस्त म्हणायची.

रेणी कधी विसरली नाही. दहाअकरा वर्षांची, शेतकऱ्याची लेक, चिखलानं भेगाळलेले पाय. पण कान असा, की एकदा ऐकलेलं जसंच्या तसं म्हणायची. माझी लाडकी होती ती — हो, तेव्हापर्यंत होती.

मग एक मडम शाळा बघायला आली. बेळगावच्या कँपात मुलींची शाळा चालवायची, विलायतेहून नवीनच आलेली, मराठीचं अक्षर येत नव्हतं. खेड्यातली एक मुलगी तिला आपल्या बोर्डिंगात ठेवून घ्यायची होती. मी मुलींना उभं केलं. रेणी बोलली. मडम खुशीनं हसली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हिचं इंग्रजी तर तुझ्यापेक्षा गोड आहे!"

कौतुकच होतं ते. दाराशी पाटील उभे होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणाली वो मडम?" मी म्हटलं, शाळा स्वच्छ आहे म्हणाली.

जाताना मडमनं सांगितलं — शनिवारी हिला घेऊन ये. हिनं स्वतः मला इंग्रजीत विचारावं, मला आपल्या शाळेत घ्याल का म्हणून. बाकी मी बघते.

हातात आठवडा होता. त्या रात्री मला झोप आली का? आली. छान आली. रागाच्या भरात झालं असतं, तर निदान तसं सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी रेणीला मागं थांबवलं. म्हटलं, 'प्लीज' हे आपल्या-आपल्यात. साहेबलोकांत त्याहून मोठा शब्द आहे — 'मस्ट'. आपण कुणाला 'तू' म्हणतो, कुणाला 'आपण' म्हणतो, तसं. तिनं मान डोलावली. "यू मस्ट टेक मी," मी म्हटलं. तिनं म्हटलं. मी तिचा 'ट' सुधारला. रोज घोटून घेतलं. हात जोडून, मान लववून म्हण, असंही सांगितलं. 'मला घेतलंच पाहिजे तुम्ही' — हे तिच्या तोंडी मी बसवत होते, आणि ती जाताना माझ्या पाया पडत होती.

शनिवारी तिच्या आप्पानं गाडी जुंपली. मडमसाठी घरच्या रताळ्यांची पाटी घेतली होती. कँपातल्या त्या व्हरांड्यात तो पायरीखालीच थांबला, फेटा नीट करत.

रेणीनं हात जोडले. स्पष्ट, गोड आवाजात म्हणाली.

मडमचं हसू गेलं. तिनं पुन्हा विचारलं, काय म्हणालीस? रेणीला वाटलं, आदर कमी पडला. तिनं आणखी वाकून म्हटलं — "मस्ट! यू मस्ट!" दोनदा. आणि माझ्याकडं बघितलं. बरोबर म्हटलं ना बाई, असं.

मडमनं मला विचारलं, हे कुणी शिकवलं हिला?

त्या क्षणी सांगता आलं असतं. माझं चुकलं, एवढे दोन शब्द. मी इंग्रजीत म्हटलं, "मुलगी हट्टी आहे, मॅडम. घरच्यांनी डोक्यावर चढवलीय." रेणी माझं बोलणं ऐकत होती, आणि मी तिची शिफारस करतेय असं समजून हसत होती.

रताळी परत आली. वाटेत तिचा आप्पा एकदाच बोलला, "पोरगीला येत न्हवतं तर कशाला आणलासा, बाई?" आणि रेणी — "बाई, तुमी सांगितल्यागतच म्हटलं की मी. काय चुकलं?"

"आवाज चढला तुझा," मी म्हटलं.

त्यानंतर ती शाळेत बोलेनाशी झाली. पाणीसुद्धा मागायची नाही. पुढच्या वर्षी आलीच नाही. जांबोटीकडं कुठं तरी दिली, असं ऐकलं.

स्वराज्य आलं त्या वर्षी ती मला बेळगावच्या बाजारात भेटली. कडेवर एक, बोटाला धरलेली एक. मीच चुकवून जाणार होते, पण तिनं हाक मारली, भर गर्दीत वाकली. म्हणाली, "माझ्या नशिबात न्हवतं बाई. पण हिला तुमच्याकडं ठेवती. घरातलं सगळं काम करंल ही. तेवढं इंग्रजी शिकवा हिला."

पोरगी माझ्याकडं बघत होती. डोळे तेच.

ती पोर शिकली असती, तर एके दिवशी तिनं आईला जाऊन सांगितलं असतं, त्या शब्दाचा अर्थ काय ते. मी म्हटलं, मला आता होत नाही गं.

"व्हय, दमला असाल," रेणी म्हणाली, आणि पोरीला घेऊन गेली. ती पोर पुढं कुठं शिकली की नाही, मी कधी चौकशी केली नाही.