उपासाचा रकाना

मी बनवलेल्या फॉर्ममध्ये दारू, सिगारेट, प्रोटीन पावडर, झोपेच्या गोळ्या, सगळं विचारलं होतं. उपास विचारला नव्हता. ग्वाल्हेरात, ऐन नवरात्रात, बारा हॉकीपटू मुलींवर अभ्यास करायला बसलेली मी, स्वतः उपास धरलेली मराठी बाई, आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात येऊ नये! परदेशी प्रश्नावलीची नक्कल मारली की असं होतं.

कसून धावल्यावर शरीर कसं सावरतं, हा माझा विषय. मुलींनी एक दिवसाआड तीस-तीस मीटरच्या बारा धावा जीव तोडून पळायच्या. मग सहा जणींनी बर्फाच्या पाण्यात बसायचं आणि सहा जणींनी नुसतं सतरंजीवर पडून राहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रत्येकीची नाडी आणि उडीची उंची मोजायची, बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घ्यायचं. बर्फात बसणाऱ्या लवकर सावरतात, असा माझा अंदाज होता. पीएचडीची चार वर्षं त्या अंदाजावर टांगलेली होती.

सतरंजीवाल्यांत ग्वाल्हेरच्याच दौलतगंज मोहल्ल्यातली एक मुलगी होती. एकोणीस वर्षांची, आपल्यातलीच, मराठी. दसरा झाला की तिची राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. बाकीच्या पाच जणी जरा घसरत आणि सावरत. हिची उडी मात्र खालीच चालली होती. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. माझा अंदाज तिच्या पायांनी खरा ठरत होता.

चौथ्या दिवशी सकाळी मोजमाप उरकून मी डबा उघडला. ती शेजारी बसून बूट बांधत होती. डब्यात डोकावून म्हणाली, "ताई, तुम्हाला साबुदाणा चालतो? मी तर नऊ दिवस फक्त फळं खाते. ते पण एक टाइम, आरतीच्या बाद. सिलेक्शनसाठी नवस केलाय ना."

घास हातातच राहिला. तिचे ओठ सुकलेले होते. सकाळी थेंबभर रक्त काढायला तिचं गार पडलेलं बोट दोनदा दाबावं लागलं होतं.

"पाणी तरी पितेस ना?"

"पिते ना. तुम्ही टेन्शन नका घेऊ. आदत आहे मला."

तिला त्याच क्षणी अभ्यासातून बाहेर काढायला हवं होतं. नियमच तसा आहे. पण ती गेली की गटात पाचच उरणार, सगळं पहिल्यापासून करावं लागणार, आणि गाईड सरांचं तोंड पुन्हा वाकडं होणार. धावांचा एकच दिवस उरला होता, उद्याचा. एका दिवसाने काय होतंय, अशी मी मनाची समजूत घातली. इतक्या भित्रेपणाने मी आयुष्यात कधी वागले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मैदानावर सकाळपासूनच ऊन चावत होतं. माझ्या खिशात ग्लुकोजची पुडी होती. घरून निघताना आठवणीने घेतली होती, म्हणजे काय होऊ शकतं ते मला पक्कं ठाऊक होतं. पाचवी धाव ती नीट पळाली. सहावीला तिचे पाय वेडेवाकडे पडायला लागले. परत येताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी थांब म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "सात!"

आठव्या धावेत ती अर्ध्या वाटेत तोंडावर आपटली. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, डोळे फिरले होते. मी पुडी दातांनीच फाडली, अर्धी पावडर मातीत सांडली.

रुग्णालयात सलाईन लावलं. ती शुद्धीवर आली, पण डॉक्टरांनी पंधरा दिवस पळायचं नाव काढू नको म्हणून बजावलं. चाचणी गेली. ती भिंतीकडे तोंड करून रडत राहिली.

तासाभराने तिची आई धावतपळत आली. शिव्या खायची तयारी ठेवून मी उभी होते. तिने माझे दोन्ही हात धरले.

"बरं झालं मॅडम, तुम्ही तिच्या पास होतात. मी तर उपासाला नाहीच म्हणत होते. मग ही बोलली, ताई बोटातून खून काढून जांचतात, जरा पण गडबड दिसली तर लगेच थांबवतील. म्हणून मी बेफिकीर राहिले."

"मला कालच कळलं होतं," मी म्हणाले.

तिने हळूच हात काढून घेतले.