जावयाच्या गाडीतला गॅस

गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या गारमास्तरांचा एकच नियम होता: गळती सापडल्याशिवाय गॅस भरायचा नाही. "फुटक्या माठात पाणी ओतायला बसलोय का मी?" हे त्यांचं वाक्य निम्म्या गावाला पाठ होतं.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला, तोही जावयासाठी. मागच्या महिन्यात लेकीला माहेरी सोडून जावईबापू लगबगीने परत निघाले होते. जावयाला ताटकळत कसं ठेवायचं, म्हणून मास्तरांनी मुकाट्याने गॅस भरून दिला.

आज लेकीला आणि तान्ह्या नातवाला न्यायला जावई आले, ते घामाने निथळतच. "बाबा, पुन्हा गार होत नाहीये. थोडा गॅस मारा, जेवून निघतो."

मास्तरांनी इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. कॉम्प्रेसर टक्‌ करून लागायचा आणि दोन श्वासांत टक्‌ करून सुटायचा. जाड पाइपला हात लावला. गार पडून त्याला घाम फुटायला हवा, तर तो कोमट. गेज लावलं, दोन्ही काटे खाली.

"गॅस उतरलाय. आधी गळती शोधतो. आज निघणं कठीण आहे."

दारातून बायकोने विचारलं, "अहो, खरंच, की लेक राहावी म्हणून?"

"बाबा, राहा म्हणून सरळ सांगा ना," लेक म्हणाली. जावईही गालातल्या गालात हसले.

मास्तरांचे कान तापले. ज्यांच्या शब्दावर गाव गाड्या सोडून जायचं, त्यांची घरातच ही पत. त्यांनी इंजिन बंद केलं, पाइपांचे सांधे एकेक करून न्याहाळले. एका सांध्यावर धूळ तेलकट होऊन चिकटली होती. तिथे साबणाचा फेस लावला.

"जावईबापू, या इकडे."

फेसातून बारीक बुडबुडे सावकाश वर येत होते.

"हा तुमचा मागचा गॅस चाललाय. आणि चूक माझी. तुम्हाला थांबा म्हणायला जीभ रेटली नाही."

जावयांचं हसू मावळलं. "बाळाला घेऊन भर उन्हात अडकलो असतो."

"म्हणून तर. सांध्यातली रबरी रिंग बदलतो, पंपाने आतली हवा ओढतो, काटा टिकतो का बघतो. मग गॅस."

"लवकर नाही होणार?"

"लवकर मागच्या वेळी केलं होतं."

जावयांनी आत बघून हाक मारली, "अगं, पिशव्या भरू नकोस. उद्या निघू."

मास्तरांच्या बायकोने तांदूळ जास्त धुतले.