मधल्या चार ओळी

आमच्या काकूच्या हातून चूक होत नाही. याचा त्रास तिला कमी, आम्हाला जास्त.

ती लोकरीचे मफलर विणते. एखादा टाका किंचित सैल पडला की वीतभर वीण सरसर उसवते आणि पुन्हा सुरुवात. तोवर दूध उतू जातं, पाहुणे ताटकळतात. "अगं, कुणाला दिसणार आहे ते?" काका कपाळाला हात लावतात. "मला," काकू म्हणते. विषय संपला.

मध्यंतरी चौकात हाताने केलेल्या वस्तूंचं एक देखणं दुकान उघडलं आणि काकूच्या मनानं घेतलं की त्या काचेत आपला मफलर लागला पाहिजे. आजवर तिचे मफलर नातेवाइकांच्या गळ्यात पडले होते, तेही आग्रहानं. एकदा तरी कुणा परक्या माणसानं आपलं काम निव्वळ आवडलं म्हणून घ्यावं, एवढीच तिची हौस.

पिशवी उचलायला अर्थात मी. दुकानवाल्या मुलीनं मफलर उलटसुलट करून पाहिला, उजेडात नेला.

"काकू, सुंदर आहे. पण गिऱ्हाइकाला मशीनचा वाटेल हो. हाताचं आहे हे दिसायला हवं. एखादी चूक राहू द्या ना!"

काकूला जणू कुणी चोरी करायला सांगितलं होतं. तरातरा चालत तिनं घर गाठलं. मग जी सुरू झाली ती थांबेना. "चूक करा म्हणे! या वयात!"

पण हौस दांडगी. चूक करायला बसली. सुलट विणीत एक उलट टाका घातला. तो एकटा बरा दिसेना, म्हणून दुसऱ्या टोकाला जोडीदार घातला. मग मधे एक. मफलर पुरा झाला तेव्हा चुकांची अशी रेखीव वेल उमटली होती की दुकानवालीनं हातच जोडले. "काकू, ही तर नक्षी झाली!"

तिसऱ्या मफलरच्या वेळी काकांचा संयम सुटला. "आण त्या सुया इकडे! जन्मभर माझ्या चुका काढल्यास, आणि आता हवी आहे तर मला विचारत नाहीस?"

काकांनी चार ओळी विणल्या. एक टाका निसटला, एक दोनदा विणला गेला, काठ बोटभर आत शिरला. काकू स्वतःच्या हातांवर बसून बघत होती. "उसवू?"

"हात लावून तर बघ!"

उरलेला मफलर तिनं दात-ओठ खात पुरा केला. दुकानवाली आनंदानं उडालीच. "हाच! चिठ्ठीवर नाव काय लिहू?"

"मी लिहिते," काकू म्हणाली आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'विणकाम माझं. मधल्या चार ओळी ह्यांच्या.'

"अगं, भर चौकात?" बरोबर आलेले काका कळवळले.

लोक काचेपुढे थांबून चिठ्ठी वाचू लागले, हसू लागले. एके सकाळी आम्ही समोरच्या फुटपाथवर असताना कोट घातलेली एक अनोळखी बाई आत गेली आणि तोच मफलर गळ्यात घालून बाहेर आली. काका छाती काढून उभे राहिले. मी काकूकडे वळलो. वाटलं, डोळे पुसत असेल.

"बघितलंस?" ती फणकारली. "माझं सगळं कोटाच्या आत खुपसलं आणि ह्यांच्या ओळी तेवढ्या बाहेर!"